चौतीसचा सदू

माझी कात्री चुकत नाही. कुणी म्हणेल, मधू मास्तर शेखी मिरवतो. मिरवतोच. उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये कमलेश सेठच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं जीन्स कापतोय, आणि या धंद्यात नम्रपणा परवडत नाही. टेबलावर कापडाचे साठ थर पसरायचे, वर पुठ्ठ्याचा पॅटर्न ठेवून खडूने रेघ मारायची आणि कटिंगचं मशीन फिरवायचं. अर्धा इंच चुकला तर साठ पँटी चुकल्या. तेव्हा चुकायचंच नाही, एवढं साधं आहे.

तरी मी एकदा चुकलो. कात्री बरोबर चालली, मी चुकलो. आणि त्यात एका माणसाचा जीव जायची वेळ आली होती, म्हणून सांगतोय.

आमच्याकडे बटणाच्या मशीनवर सदू बसतो. चिखलोलीचा आगरी गडी, वय एक्केचाळीस, पुढच्या दोन दातांत फट, हसला की ती आधी दिसते. त्याची कंबर चौतीस. सीट, मांडी, गुडघा, सगळं चौतीसच्या पँटीला जसं पाहिजे तसं. हे माझ्या लक्षात आलं त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून नव्या डिझाइनचं पहिलं सॅम्पल शिवून, धुऊन आलं की ते सदूला घालायचं. त्याने बटण लावायचं, दोन उठाबशा काढायच्या, आणि तो "बराबर हाय, मास्तर" म्हणाला की माल कापायला घ्यायचा. सेठने एकदा प्लास्टिकचा पुतळा आणला होता. पण पुतळा उठाबशा काढत नाही. तो कोपऱ्यात धूळ खात पडला आणि सदूच आमचं माप राहिला. कारखान्यात त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. "ए चौतीस, इकडे ये," असंच. आणि तोही ऐटीत यायचा.

मागच्या वर्षी गणपतीच्या आधी एक सॅम्पल त्याला घट्ट झालं. बटण लागलं, पण ओढून. मी म्हटलं, कपडा नवीन आहे, धुण्यात आटला असेल. डेनिम आटतं, त्यात नवल नाही. मी पॅटर्नला अर्धा इंच जास्त दिला, नवा पुठ्ठा कापला, सवयीने कोपऱ्यात तारीख टाकली आणि विसरलो.

दिवाळीच्या मालाला पुन्हा तेच. या वेळी कपडा जुनाच होता, दहा वेळा धुतलेला. आता खरं तर माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. चुकचुकली असेलही. पण सेठ समोर उभा होता आणि म्हणाला, "मास्टर, उमर हो गई क्या?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी कुणाला काही न बोलता अजून अर्धा इंच वाढवला. मार्चमध्ये एकदम एक इंच. तिन्ही वेळा सदू "बराबर हाय, मास्तर" म्हणाला आणि मी ते मान्य केलं. गळ्यात टेप अडकवून फिरणारा माणूस मी. तो टेप काढून एकदा त्याच्या कमरेला लावायचं मला सुचलं नाही. सदू म्हणजे चौतीस, हे ठरलेलं होतं ना! बारा वर्षं ज्याच्यावर आम्ही बाकीचं सगळं मोजलं, त्याला मोजायचं कशाला?

जूनमध्ये इंदूरच्या पार्टीने माल परत पाठवला. चिठ्ठी होती, चौतीसच्या लेबलमध्ये छत्तीसची पँट आहे.

सेठने सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढली. "अरे साईं, इकतीस साल का मास्टर, और दो इंच का फरक? बाजारात माझं नाव काय राहील? बोल ना!"

मी सदूला ओरडून बोलावलं, टेबलाजवळ उभं केलं, शर्ट वर करायला लावला आणि टेप फिरवला. बेंबीवर चाळीस.

आधी मला राग आला. म्हणजे हा खाऊन खाऊन सुटलाय आणि बोलणी मला! मी त्याला चार शिव्या घातल्या. बाकीचे हसायला लागले. कुणी म्हणालं, चौतीस आता चाळीस झाला, पार्टी दे. सदू पण हसला, दातांतली फट दिसली.

पण माझा हात थांबला नाही. मास्तरचा हात असतो तो, कंबर झाली की सीट, सीट झाली की मांडी. सीट दीड इंच कमी. मांडी पूर्वी साडेबावीस होती, आता साडेवीस. मी पुन्हा मोजली. दुसरी मांडी मोजली. दंड मोजला, जो पँटीला लागतच नाही. तोही उतरलेला.

कारखान्यात येण्याआधी शिंप्याच्या दुकानात मी हजारो माणसं बारीकची जाड होताना मोजलीत. माणूस सुटतो तेव्हा सगळीकडून सुटतो. पोट येतं तसं सीट येते, मांड्या घासायला लागतात, मान भरते. पोट सहा इंच वाढलं आणि मांडी दोन इंच आटली, असा माणूस मी पाहिला नव्हता. मी जवळून बघितलं तर त्याची बेंबी बाहेर आली होती, आणि पोटाची कातडी ताणून चकाकत होती.

"सदू, जेवतोस किती?" मी हळू विचारलं.

"अर्धी भाकर खाल्ली का पोट भरतंय, मास्तर. गॅस हाय. बाकी मना काय नाय झायला. दुखत पन नाय."

"चल," मी म्हटलं. सेठला सांगितलं, हिशोब नंतर कर, मी याला घेऊन दवाखान्यात चाललोय. सेठने अडवलं नाही. टेपवरचे आकडे त्यानेही बघितले होते.

पहिल्या डॉक्टरने गॅसच्या गोळ्या दिल्या. मी त्या त्याच्या टेबलावर परत ठेवल्या आणि मांडीचं माप सांगितलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं की हा कोण शहाणा, पण सोनोग्राफी लिहून दिली. सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं. "दारू किती पितो?" असं दुसऱ्या डॉक्टरने विचारलं. सदू माळकरी नव्हता, पण हळदीच्या मांडवातसुद्धा तो दारूला शिवत नसे. मग सुई टोचून पाणी काढायचं ठरलं, तर सुईतून पाणी येईना. मोठी सुई घातली तेव्हा घट्ट, चिकट काहीतरी थेंबभर आलं. डॉक्टरचा चेहरा बदलला. त्याने सीटी स्कॅन करायला सांगितलं आणि मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली.

तिथे डॉक्टर मीनल भेटल्या, पोटाच्या कॅन्सरच्या सर्जन. चाळिशीतली बाई, बोलणं सरळ. सदूबरोबर त्याची बायको विठा होती आणि मी होतो. बाईंनी कागदावर नाव लिहून दिलं, स्यूडोमिक्सोमा पेरिटोनाय. एवढं लांब नाव मी दोनदा वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

"हा फार क्वचित दिसणारा प्रकार आहे," त्या म्हणाल्या. "अपेंडिक्समध्ये छोटी गाठ होते. ती फुटते आणि त्यातून जेलीसारखा चिकट पदार्थ पोटात गळत राहतो. दुखत नाही, ताप येत नाही. पोट वाढतं, भूक लवकर भागते, बेंबी नाहीतर जांघ फुगते. लोकांना वाटतं, माणूस सुखावला. ही जेली आतड्यांवर दाब देते आणि काहीच केलं नाही तर एक दिवस आतडी बंद पडतात."

"मंग वाचत नाय का मानूस?" विठाने विचारलं.

"वाचतो. म्हणून तर बोलावलंय. पोट उघडून ती जेली, आतलं अस्तर, जिथे जिथे चिकटलंय ते सगळं काढायचं. मग गरम केलेलं औषध तास-दीड तास पोटात फिरवायचं. आठ-दहा तासांचं काम आहे, सोपं नाही. पण आजार मंद जातीचा असेल आणि सगळं निघालं, तर माणूस वर्षानुवर्षं जगतो." मग त्यांनी विचारलं, "पोट कधीपासून वाढतंय? नीट आठवून सांगा. मंद की जोरात, ते तपासणीत कळेलच, पण मला अंदाज पाहिजे."

"झाला असंल दोन-तीन महिना," सदू म्हणाला.

बाईंच्या कपाळाला आठी पडली. "दोन-तीन महिन्यांत एवढं?"

आणि मी, ज्याला तारखेसकट उत्तर माहीत होतं, तो मूग गिळून गप्प बसलो. तिन्ही पुठ्ठे माझ्या डोळ्यांपुढे आले. बोललो असतो तर विठाने तिथेच विचारलं असतं, मग तुम्ही दहा महिने काय करत होता?

बाहेर आल्यावर सदू म्हणाला, "मी नाय करनार ऑपरेशन."

विठाचंही तेच. तिचा थोरला भाऊ बाळाजी जबड्याच्या कॅन्सरने गेला. त्याला तुकडा काढून तपासला आणि महिन्याभरात गाठ गळ्यापर्यंत आली. तेव्हापासून त्यांच्या घरात पक्कं होतं, कॅन्सरला चाकू लागला, हवा लागली की तो पसरतो. "हात लावला नाय तं झोपून राहतो," विठा म्हणाली. "मास्तर, तुमी भला केला, पन आता आमाला आमचा बघू द्या." बाळाजी फार उशिरा दवाखान्यात गेला होता, हे मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं नाही. वांगणीच्या पुढे कुणी झाडपाल्याचं औषध देतो, तिकडे जायचं त्यांनी ठरवलं.

बाईंनी बोलावलेल्या पुढच्या तारखेला ते गेले नाहीत. सदू कामाला यायचा बंद झाला. फोन केला तर विठा उचलायची आणि "बरा हाय" म्हणून ठेवायची. मी टेबलावर उभा राहायचो आणि कापायला हात उचलत नसे. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं. मला त्याची काळजी वाटत होती, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला स्वतःची लाज वाटत होती. सदू मेला तर मी त्याच्या मयताला कुठल्या तोंडाने जाणार होतो?

रविवारी सकाळी मी ते तीन पुठ्ठे काखेत मारले आणि विठ्ठलवाडीहून चिखलोली गाठली.

सदू ओटीवर खाटेवर बसला होता. आठवड्याभरात अजून वाळला होता, पोट तेवढं पुढे. विठा सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मी चहा नको म्हटलं आणि पुठ्ठे जमिनीवर ओळीने मांडले. एकावर एक ठेवले की कमरेची कड प्रत्येकाची थोडी पुढे सरकलेली दिसत होती.

"हा ऑगस्टचा," मी म्हटलं. "हा ऑक्टोबरचा. हा मार्चचा. कोपऱ्यात तारखा आहेत, बघ. तुझी कंबर वाढत होती आणि मी पॅटर्न वाढवत होतो. तीन वेळा. सेठ मला म्हातारा म्हणेल म्हणून मी कुणाला बोललो नाही. तुला मोजलंसुद्धा नाही. दवाखान्यात बाईंनी विचारलं, तेव्हाही घाबरून गप्प बसलो. वहिनी, मला काय बोलायचं ते बोला."

विठाच्या हातातलं सूप थांबलं. ती काही बोलायच्या आत सदूच म्हणाला, "मना ठाव व्हता, मास्तर."

"काय ठाऊक होतं?"

"बटन लागत नव्हता. मी दम धरून पोट आत घ्यायचो नि लावायचो. तुमी पाठ फिरवली का सोरायचो." त्याने खाली बघितलं. "चौतीस नाय राहलो, तं मना कोन बोलवनार? नवीन मानूस बघाल म्हनून बोललो नाय."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. दोन बाप्ये, एक कात्रीचा गर्व सांभाळणारा आणि एक कमरेचा. त्यापायी दहा महिने गेले. विठाने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि मग ती जी सुटली, ती आवरेना. आगरी बाई रागावते म्हणजे काय, ते चिखलोलीच्या त्या आळीने त्या दिवशी ऐकलं. मला एका शब्दाचंही वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं.

ती दम घ्यायला थांबली तेव्हा मी पुठ्ठ्यांवर बोट ठेवलं.

"वहिनी, एवढंच सांगा. या दहा महिन्यांत सदूला कुणाचा चाकू लागला?"

"कोनाचा लागनार?"

"हवा लागली?"

तिने सूप खाली ठेवलं.

"हात लावला नाही तर झोपून राहतो म्हणालात. हा बघा झोपला नाही. ऑगस्टला झोपला नाही, ऑक्टोबरला झोपला नाही. चाकू न लागता दोन इंच हा माझ्या पुठ्ठ्यावर सरकलाय, आणि पोटावर सहा. तो थांबणार नाही. त्याला काढणारी बाई मुंबईत बसलीय आणि ती म्हणतेय, माणूस वाचतो."

विठा खाली वाकली. तिने तिन्ही पुठ्ठे उचलले, एकावर एक धरले आणि कडेवरून बोट फिरवलं. एकदा, परत एकदा. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने पुसलं नाही.

"ऑपरेशनच्या कागदावर साक्षीदाराची सही लागते ना?" तिने विचारलं.

"लागते."

"ती तुमी करायची. नि शेवटपर्यंत आमचेसंगती राहायचा. दहा महिना तुमी दोघांनी मना फसवला, आता मी सांगेन ते करायचा. ए चौतीस, उठ. सदरा घाल."

दुसऱ्याच दिवशी आम्ही मुंबईला गेलो. पुठ्ठे मी बाईंच्या टेबलावर ठेवले. त्यांनी आयुष्यात बरेच रिपोर्ट बघितले असतील, पण असा बघितला नसावा. तारखा वाचल्या, टेपने फरक मोजला, आणि त्यांची आठी गेली. "दहा महिने म्हणजे हा हळू चालणारा आहे. हे चांगलं आहे." तपासणीचा रिपोर्ट आठवड्याने आला, त्यातही तेच निघालं, मंद जात. खर्चाचं सेठने आणि सरकारी योजनेने मिळून निभावलं. सेठ स्वतः रक्त द्यायला आला, आणि सुई बघून डोळे मिटून बसला.

सदूला आत नेलं तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. मी सही केली. सुवाच्य केली, पूर्ण नावाने.

मग आम्ही बाकावर बसलो. दुपारी मी तिच्यासाठी इडली आणली, तिने अर्धी मला दिली. मला आतून ठाम वाटत होतं की तो बाहेर येणार. त्याला आधार काय ते विचारू नका. मापं बरोबर लागली होती, बाईंचा हात मी बघितला होता. कागदावर रेघ ओढतानासुद्धा तो हलत नव्हता. असा हात मला कळतो.

संध्याकाळी सहाला डॉक्टर मीनल बाहेर आल्या. टोपीचा वळ कपाळावर उमटला होता. "साडेनऊ किलो जेली काढली," त्या म्हणाल्या. "अपेंडिक्स, अस्तर, प्लीहा, मोठ्या आतड्याचा एक भाग काढावा लागला. पण डोळ्यांना दिसेल असं आत काही शिल्लक ठेवलेलं नाही."

मी रडलो. चांगला हुंदके देऊन रडलो, पाच-पंचवीस लोकांसमोर. विठा रडली नाही. तिला अजून विचारायचं होतं.

"आता तो किती जगंल? खरा सांगा."

बाई तिच्या शेजारी बसल्या. "या जातीत, सगळं निघालं असेल तर, दहातले सहा-सात जण दहा वर्षांनंतरही चालतेफिरते असतात. कामावर जातात."

"नि राहलेले तीन-चार?"

"त्यांच्यात तो पुन्हा येतो. लवकर सापडला तर पुन्हा काढता येतो. म्हणून तपासणीला यायचं, एकही तारीख चुकवायची नाही. सुरुवातीला दर सहा महिन्यांनी, पुढे वर्षाला एकदा. दहा वर्षं."

विठाने मान हलवली. मग ती माझ्याकडे वळली.

"ऐकला ना, मास्तर? दहा वर्सा. दर टायमाला तुमी यायचा, टेप घेऊन. मी एकटी या मानसाला पुरी परनार नाय. तो परत दम धरून पोट आत घेईल."

मी बासष्ट वर्षांचा आहे. हृदयात दोन ब्लॉकेज आहेत, डॉक्टरने तीन वर्षांपासून दम दिलाय आणि मी तीन वर्षं त्याला हो हो म्हणतोय. मी मनात बेरीज केली. मग खिशातून तंबाखूची डबी काढली, त्या बाकाशेजारच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि म्हटलं, "येईन."